पात्र कुणावर पालथे करायचे?

(विहाराच्या वर्षावास व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना वंदन करून आम्ही बोलायला उभे आहोत. आम्ही काही विद्वान नाही. आमचे शिक्षण पाळ्यापाळ्यांमधून झाले. रात्रपाळी सुटली की वाचनालय उघडेपर्यंत पायरीवर बसून राहायचे आणि उघडले की डोळे मिटेपर्यंत वाचायचे. तेव्हा बोलण्यात शब्द इकडचा तिकडे झाला तर सांभाळून घ्या. माहिती चुकली तर मात्र सांभाळून घेऊ नका, तोंडावर सांगा.

आजचा विषय आम्ही मागून घेतला आहे. कारण आमच्याकडे एक उधारी राहिली आहे.

२०१७ सालची गोष्ट. पावसाळा संपत आला होता. रविवारची वंदना झाली, सूचना वाचून झाल्या. तेवढ्यात कॉलेजात शिकणारी आपल्याच वस्तीतली एक मुलगी उभी राहिली. ती म्हणाली, ब्रह्मदेशातून रोहिंग्या लोक लाखांनी बांगलादेशात पळून चालले आहेत, गावेच्या गावे जाळली आहेत, आणि हे करणारे सैन्य बौद्ध देशाचे आहे. आपण निषेधाचा ठराव करू या. सभागृहात चुळबुळ झाली. एक बुजुर्ग म्हणाले, "बौद्ध राष्ट्राविरुद्ध बौद्धांनीच बोलायचं?" दुसरे म्हणाले, "तो त्यांचा घरचा प्रश्न आहे." तिसरे म्हणाले, "आपल्यावर अत्याचार होतो तेव्हा कोण येतं?" आणि सगळ्यांनी आमच्याकडे पाहिले, कारण तेव्हा चिटणीस आम्ही होतो. आम्ही काय केले? म्हणालो, "विषय पत्रिकेवर नाही. बस बाळ."

ती बसली. पण तो प्रश्न काही बसला नाही. आपण बाहेरचे. तिथे आपले राज्य नाही, सैन्य नाही, मत नाही. मग दुसऱ्याच्या देशात राज्यकर्ताच माणसे मारायला लागला, तर बाहेरच्या माणसाने करायचे काय? ओरडायचे? व्यापार तोडायचा? की डोळे मिटून ध्यानाला बसायचे? त्यानंतर आम्ही ब्रह्मदेशाबद्दल मिळेल ते वाचत गेलो.

आधी हा देश आपला कोण, ते पाहू. १९५४ च्या डिसेंबरात रंगूनला जागतिक बौद्ध परिषद भरली, तिला बाबासाहेब गेले होते. धम्मदीक्षेच्या दोन वर्षे आधी. आपल्यातले कितीतरी जण विपश्यनेला इगतपुरीला जाऊन दहा दिवस मौन पाळून येतात. ती विद्या शिकवणारे गोयंका गुरुजी मंडालेत जन्मले, रंगूनला सयाजी उ बा खिन यांच्याकडे शिकले आणि १९६९ साली ते धन घेऊन भारतात आले. गोराईचा पॅगोडा बघायला आपण सहली काढतो, तो रंगूनच्या श्वेडगोनच्या धर्तीवर बांधलेला आहे. म्हणजे आपण त्या देशाचे देणेकरी आहोत. सैन्याचे नव्हे, तिथल्या लोकांचे.

त्या लोकांचे काय झाले, थोडक्यात सांगतो. ४ जानेवारी १९४८ ला देश स्वतंत्र झाला. २ मार्च १९६२ ला सेनापती ने विन यांनी सत्ता घेतली. ८ ऑगस्ट १९८८ ला विद्यार्थी, कामगार, भिक्षू, सगळे रस्त्यावर आले तेव्हा सैन्याने गोळ्या घातल्या, हजारो माणसे मेली. १९९० मध्ये निवडणूक घेतली. आंग सान सू ची यांचा पक्ष प्रचंड बहुमताने जिंकला. सत्ता दिलीच नाही. बाई नजरकैदेत. २०१० नंतर दार थोडे किलकिले झाले, २०१५ ला त्यांचा पक्ष निवडून आला. आणि १ फेब्रुवारी २०२१ ला पहाटे सैन्याने पुन्हा सगळ्यांना उचलले.

सुरुवातीला आपला देश बरा वागला. १९८८ च्या वेळी भारत सरकार उघडपणे आंदोलकांच्या बाजूने होते, पळून आलेल्या विद्यार्थ्यांना आसरा दिला होता. पण १९९३ पासून वारे फिरले. शेजारी चीन शिरतो आहे, ईशान्येकडे बंडखोर आहेत, तेव्हा सेनापतींशी जुळवून घ्या असे धोरण ठरले. २००७ च्या सप्टेंबरात रंगूनच्या रस्त्यांवर भिक्षू चालत होते, त्याच दिवसांत आपले पेट्रोलियम मंत्री गॅसच्या करारांसाठी तिथे गेले होते. १८ जून २०२१ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत लष्करी बंडाच्या निषेधाचा ठराव आला, तेव्हा भारत तटस्थ राहिला. ना हो, ना नाही. आमच्यासारखेच, 'विषय पत्रिकेवर नाही.'

आता तिघांच्या तीन हरकतींकडे वळतो. दुसरीपासून घेतो, कारण ती ऐकून आमचे कान सोलले गेले आहेत. "घरचा प्रश्न." अहो, हे वाक्य कुणी कुणाला म्हणायचे? गावकीच्या पाटलाने महारवाड्याला हेच ऐकवले की नाही? १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले निग्रो विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहिले. तिकडच्या निग्रो संघटनेने संयुक्त राष्ट्रसंघाकडे अर्ज केला आहे असे कळते, त्याच्या प्रती मिळतील का, आम्हीही तोच मार्ग धरण्याच्या विचारात आहोत, असा त्याचा आशय. द्यू बॉइस यांनी सहानुभूतीचे उत्तर दिले. पुढे २००१ साली दक्षिण आफ्रिकेत डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. आपल्या दलित संघटना तिथे जातीचा प्रश्न घेऊन गेल्या, आणि सरकारची भूमिका काय होती? जात म्हणजे वंश नव्हे, हा विषय इथे आणू नका. आपण जगाला म्हणत होतो, आमच्या घरात डोकावून बघा. तेच आपण रोहिंग्याला म्हणायचे का, की तुझे तू बघ?

तिसऱ्या हरकतीचे उत्तर यातच आले. आपल्यासाठी कोण येते? फार थोडे येतात. पण आलेल्यांची नावे आपण विसरलेलो नाही.

राहिली पहिली हरकत, बौद्ध राष्ट्राची. ती अवघड आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये, म्हणजे माणसे अजून पळत असताना, तिथल्या एका मोठ्या भिक्षूंनी लष्करी अधिकाऱ्यांपुढे प्रवचन केले. त्यात महावंसातली दुट्ठगामणी राजाची कथा सांगितली. लढाईत लाखो मारले गेले म्हणून राजाला पश्चात्ताप झाला, तेव्हा अर्हंतांनी त्याची समजूत घातली की मेलेल्यांत खरी माणसे फक्त दीड. एकाने त्रिशरण घेतले होते आणि दुसऱ्याने पंचशील. बाकीचे माणसांत धरायचे नाहीत.

दीड माणूस! उपासकांनो, हा हिशेब आपल्याला ओळखीचा वाटतो की नाही? ज्या हिशेबात आपले बापजादे पाव माणूससुद्धा नव्हते, तो हिशेब चीवर घालून आला म्हणून आपण मान्य करायचा? दलाई लामांनी तेव्हा स्पष्ट सांगितले की बुद्धांनी त्या मुसलमानांना मदतच केली असती. आपल्या विहारातून मात्र एक ओळ निघाली नाही. कारण आम्ही.

पण त्याच देशातल्या दुसऱ्या भिक्षूंनी काय केले, तेही ऐका.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. वड्ढ नावाच्या लिच्छवीने, काही भिक्षूंच्या चिथावणीवरून, दब्ब मल्लपुत्त या सत्पुरुषावर घाणेरडा खोटा आळ घेतला. भगवंतांनी संघाला सांगितले, याच्यावर पात्र पालथे करा. म्हणजे याच्या घरची भिक्षा घ्यायची नाही, याच्याशी संघाचा व्यवहार नाही. पालीत याला 'पत्त निक्कुज्जन' म्हणतात. आनंदांनी जाऊन त्याला हे सांगितले तेव्हा तो जागीच मूर्च्छित पडला. मग आला, चूक कबूल केली, आणि संघाने पात्र पुन्हा उताणे केले.

पाच सप्टेंबर २००७ ला पाकोक्कू गावात सैन्याने भिक्षूंना मारहाण केली. तेलाचे भाव एकाएकी वाढवले होते, त्याविरुद्ध ते मोर्चाने निघाले होते. भिक्षूंनी सरकारला मुदत दिली, १७ सप्टेंबरपर्यंत माफी मागा. माफी आली नाही. १८ तारखेपासून हजारो भिक्षू पात्र पालथे धरून रस्त्याने चालू लागले. तोंडाने करणीयमेत्त सुत्त, तेच जे आपण रविवारी म्हणतो. सैनिकांच्या, अधिकाऱ्यांच्या घरचे दान बंद. १९९० मध्येही त्यांनी हेच केले होते. दोन्ही वेळा सैन्याने रात्री विहारांवर छापे घातले, भिक्षूंना चीवर उतरवून तुरुंगात टाकले. म्हणजे जिंकले नाहीत. पण पात्राला सेनापती भ्याले, एवढे खरे. नाहीतर रात्री कशाला आले असते?

आता या प्रसंगातून आम्हाला काय दिसले? पात्र वड्ढावर पालथे केले. वैशालीवर नव्हे. वड्ढाच्या गड्यांवर नव्हे, शेजाऱ्यांवर नव्हे. दुसरे, भिक्षूंच्या हातात जे होते तेच त्यांनी वापरले. त्यांच्याकडे पात्राशिवाय होते काय? आणि तिसरे, पात्र उताणे कधी होईल हे आधीच ठरलेले होते.

याच्या उलट काय होते, तेही याच देशात दिसले. मे २००३ मध्ये सू ची यांच्या ताफ्यावर देपायिन येथे हल्ला झाला, माणसे मारली गेली. त्यावर अमेरिकेने कायदा करून ब्रह्मदेशाचा माल घेणे बंद केले. हेतू वाईट नव्हता. पण तिकडे जाणारा मोठा माल कोणता, तर शिवलेले कपडे. रंगूनचे शिलाई कारखाने धडाधड बंद पडले. हजारो पोरी घरी बसल्या. आणि सेनापतींचा पैसा कुठून येत होता? यादाना नावाच्या समुद्रातल्या खाणीचा गॅस नळाने थायलंडला जात होता, त्यातून. त्या नळात अमेरिकन कंपनीचाही वाटा होता, आणि ती गुंतवणूक जुनी म्हणून कायद्यातून सुटली होती! नळ चालू, शिलाई बंद.

गिरणी बंद झाली की काय होते, हे आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवायला नको. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार. आमचे वडील रिंग खात्यात होते, आम्ही शाळेत. एकदा चाळीच्या चौकात एक पुढारी बाहेरून भाषणाला आले. नाव घेत नाही. म्हणाले, वर्षभर लढा, दोन वर्षे लढा, माघार नाही. टाळ्या पडल्या. आमची आई दारात उभी होती. ती म्हणाली, "ह्यांच्या घरी गॅस पेटतोय वाटतं." महिनाभराने मामा गावाहून आला, एस.टी.च्या टपावर ज्वारीचे पोते टाकून. त्याने संपावर चकार शब्द काढला नाही. घोटभर चहा घेतला आणि विचारले, "आक्का, अजून किती दिवस पुरलं पाहिजे?"

बाहेरचा माणूस कसा असावा, हे आम्हाला त्या दिवशी कळले होते. पण कळूनही उमजायला तीस-पस्तीस वर्षे लागली. पुढे आम्ही स्वतः बदली म्हणून लागलो, कायम झालो, ती गिरणीही बंद झाली, आज भिवंडीला मागावर उभे राहतो. या सगळ्यात मालकाचे पोट खपाटीला गेलेले आम्ही काही पाहिले नाही.

इथे कुणी म्हणेल, मग व्यापार तोडूच नये काय? तसे नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांच्या राजवटीशी भारताने १९४६ सालीच व्यापार तोडला. १९७४ ला डेव्हिस कपच्या अंतिम सामन्यात आपले टेनिसपटू दक्षिण आफ्रिकेशी खेळले नाहीत, कप सोडून दिला. आणि हा बहिष्कार तिथल्या काळ्या जनतेच्या पुढाऱ्यांनीच मागितला होता. आमच्यामुळे आमच्या लोकांना झळ बसेल तर बसू दे, असे म्हणायचा अधिकार त्यांचा. ब्रह्मदेशातही, २०२१ च्या बंडानंतर पहिल्या दिवसांत रस्त्यावर उतरल्या त्या शिलाई कारखान्यातल्या बायकाच. त्यांच्या काही संघटनांनी पुढे स्वतः सांगितले की परदेशी कंपन्यांनो, इथून माल घेऊ नका, निघून जा. तिथे आम्ही गप्प बसतो. कारखाना तोच, कुलूपही तेच. पण चूल ज्याची विझणार आहे त्याने ठरवले की गोष्ट वेगळी होते.

मात्र विचारायचे कुणाला, यातही मेख आहे. १९२८ चा गिरणी संप आठवा. संपाच्या मागण्यांची यादी झाली. त्या काळी विणाई खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यातला दोरा तोंडाने ओढावा लागे, त्यामुळे विटाळ होतो म्हणे. पगार मात्र विणाईतच जास्त. बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना विचारले, ही मागणी तुमच्या यादीत कुठे आहे? संप मजुरांचा होता, पुढारी प्रामाणिक होते, तरी यादीत आपण नव्हतो.

ब्रह्मदेशाच्या लोकशाहीच्या यादीत रोहिंग्या नव्हते. १९८२ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने त्यांना देशाबाहेरचे ठरवले होते. २५ ऑगस्ट २०१७ ला त्यांच्यातल्या एका सशस्त्र टोळीने पोलीस चौक्यांवर हल्ले केले, त्याचे निमित्त करून सैन्याने गावे पेटवली. सात लाखांहून अधिक माणसे नाफ नदी ओलांडून गेली. आणि सू ची, ज्यांचा फोटो आम्हीही एके काळी कात्रणवहीत चिकटवला होता, त्या डिसेंबर २०१९ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात आपल्या देशाची बाजू मांडायला उभ्या राहिल्या. जगाने त्यांना विचारून निर्बंध घातले होते, त्यांना विचारून उठवले. रोहिंग्यांना कुणी विचारले नव्हते. गांजलेल्यांच्या मागेही कुणीतरी जास्त गांजलेला उभा असतो, तो बाहेरच्या माणसाला दिसायला हवा. २०२१ मध्ये बंदुका स्वतःवर वळल्या तेव्हा ब्रह्मी तरुणांतल्या अनेकांनी रोहिंग्यांची जाहीर माफी मागितली. त्यांच्या समांतर सरकारने ३ जून २०२१ ला तो नागरिकत्वाचा कायदा रद्द करण्याचे वचन दिले. उशीर झाला, पण यादीत नाव आले.

हेगचा खटला कुणी घातला होता, ठाऊक आहे? अमेरिकेने नाही, इंग्लंडने नाही. गांबियाने. आफ्रिकेतला एवढासा देश, आपल्या एखाद्या जिल्ह्याएवढी वस्ती. बावीस वर्षे हुकूमशाही सोसून २०१७ च्या सुरुवातीला सुटलेला. त्यांच्या कायदामंत्र्यांनी आधी रवांडाच्या नरसंहाराच्या खटल्यांत काम केले होते. कॉक्स बझारच्या छावणीत जाऊन त्यांनी बायकांचे बोलणे ऐकले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये दावा दाखल केला. २३ जानेवारी २०२० ला न्यायालयाने एकमताने हुकूम दिला, या लोकांचे रक्षण करा. हुकूम पाळला का? फारसा नाही. पण सैन्य ज्याला दंगा म्हणत होते त्याची नोंद न्यायालयात झाली.

अशी कारकुनी कामे आम्हाला मोलाची वाटतात. १९९६ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या परिषदेत आलेल्या पंचवीस कामगार प्रतिनिधींनी ब्रह्मदेशातल्या वेठबिगारीची तक्रार केली. वेठबिगार म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको. १९९८ ला चौकशीचा अहवाल आला, आणि २००० साली संघटनेने आपल्या घटनेतले सर्वांत कडक कलम तिच्या इतिहासात पहिल्यांदा वापरले. मग रंगूनला एक अधिकारी बसला, तक्रारी घेऊ लागला. त्यातून सैन्यात पळवून नेलेली पोरे आईबापांकडे परत आली. त्याच सुमारास गॅसच्या नळासाठी वेठीला धरलेल्या खेडुतांनी अमेरिकेत युनोकाल कंपनीवर खटला भरला. कायदा कोणता, तर १७८९ चा! कंपनीला शेवटी २००५ मध्ये तडजोड करून पैसे मोजावे लागले. बाहेरच्या वकिलांनी इथे स्वतःची मागणी पुढे केली नाही, खेडुतांना कोर्टाची पायरी चढवून दिली.

आणि सैन्य पाठवायचे का? इराकवर २००३ ला गेलेले सैन्य लोकांना सोडवायला गेलो म्हणत होते. पुढचे सगळ्यांना माहीत आहे. पण इथे आम्हाला एक गोष्ट लपवता येत नाही. २०२१ मध्ये ब्रह्मदेशाची तरुण पोरे हातात फलक घेऊन उभी होती, की जगाने येऊन आमचे रक्षण करावे. एका मुलाने आदल्या दिवशी विचारले होते, युनोला हालचाल करायला किती मुडदे लागतात? दुसऱ्या दिवशी, २८ फेब्रुवारीला, तोच गोळीने मेला. आम्ही आत्ता म्हणालो, सोसणाऱ्याला विचारा. त्याने हे मागितले होते. त्याला काय उत्तर द्यायचे, हे आम्हाला सुचलेले नाही.

उत्तर दिले असेल तर ते मिझोरमने. मार्च २०२१ मध्ये दिल्लीच्या गृहखात्याने सीमेवरच्या राज्यांना पत्र धाडले, ब्रह्मदेशातून येणाऱ्यांना रोखा. मिझोरमच्या मुख्यमंत्र्यांनी उलट पंतप्रधानांना पत्र लिहिले, हे आमचे भाऊबंद आहेत, आम्ही पाठ फिरवू शकत नाही. पुढे हजारोंनी चिन लोक आले. कुणी राज्याचा निधी आहे का विचारत बसले नाही. चर्चनी, यंग मिझो असोसिएशनच्या पोरांनी बांबू तोडून झोपड्या घातल्या, घराघरांतून तांदूळ गोळा केला. राज्य गरीब, पण दार उघडे. याच देशात ऑक्टोबर २०१८ मध्ये आसामातून सात रोहिंग्यांना परत ब्रह्मदेशाच्या हवाली केले, आणि मार्च २०२१ मध्ये जम्मूत शंभरावर रोहिंग्यांना धरून कोंडले. ब्रह्मदेशाच्या सेनापतींना आपण बदलू शकत नाही. पण पळून आलेला माणूस आपल्या दारात उभा आहे, तिथे आपण बाहेरचे राहत नाही.

आता आपल्या हातातले पात्र कोणते? महिला मंडळ पापड लाटते. उडीद कुठला? जून २०२१ मध्ये भारताने ब्रह्मदेशाशी करार केला, वर्षाला अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर आणायची, पाच वर्षे. म्हणजे आपल्या पापडात, वरणात ब्रह्मदेश आहे. त्यावर पात्र पालथे करायचे का? आम्हाला तसे वाटत नाही. मधले व्यापारी, कर, सगळे खरे. पण शेवटी ती डाळ तिथल्या शेतकऱ्याच्या शेतातली. तिला हात लावला तर वड्ढाऐवजी त्याच्या गड्याला मारल्यासारखे होईल. सागवानाचे तसे नाही. 'बर्मा टीक'चा पलंग म्हटले की आपल्याकडे लग्नात मान मिळतो. ते लाकूड सरकारी महामंडळाच्या हातात आणि सरकार सैन्याच्या हातात. माणके, पाचू-जेड, तेच. मोठमोठ्या परदेशी कंपन्यांना २०२१ नंतर निघावे लागले. जपानची बिअर कंपनी निघाली, गॅसची फ्रेंच कंपनी निघाली, भारतातल्या एका बंदर कंपनीने सैन्याच्या जागेवर घेतलेला धक्का सोडला. ते काही मनात करुणा दाटून आली म्हणून नव्हे. त्यांच्या भागधारकांना, गिऱ्हाइकांना लोकांनी सतत विचारले म्हणून. तर पुढच्या लग्नाला पलंग घेताना दुकानदाराला विचारा, लाकूड कुठले. तो हसेल. हसू द्या.

आणि सहलीवाले श्वेडगोनची यात्रा काढतात, तिचा कागद हल्ली आपल्याही फलकावर लागतो. तो लावण्याआधी एकदा समितीत बोलावे, एवढीच आमची विनंती. यात्रेकरूंचे पैसे कोणत्या हॉटेलात जातात, ते हॉटेल कुणाचे, हे विचारून मग ठरवा.

शेवटचे. आजच्या पत्रिकेवर विषय आहे. आम्ही स्वतः अध्यक्षांना भेटून घालून घेतला. ठरावात दोन गोष्टी आहेत: रोहिंग्या आणि चिन निर्वासितांना परत त्या सैन्याच्या हाती देऊ नये असे पत्र आपल्या खासदारांना जाईल, आणि मिझोरमच्या छावण्यांसाठी वर्गणी. वही भन्तेजींच्या टेबलावर आहे. ठराव आम्ही लिहिलेला नाही. २०१७ साली जिला आम्ही खाली बसवले, ती आता नोकरीला लागली आहे, आज रजा टाकून आली आहे, तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिनेच तो लिहिला.

बाळ, ऊठ आणि वाच. आम्ही खाली बसतो.

जयभीम.